कुंपणालगतची रुई

शाळेच्या महोत्सवाच्या अंकात गुरुजींच्या छडीवर लिहिणारे पुष्कळ असतील. मी शाळेच्या कुंपणालगतच्या रुईवर लिहितो. आत्ताच्या पोरांना फुलपाखरं बघायला तिचा उपयोग जास्त.

माघ-फाल्गुनात आपला मराठवाड्याचा माळ वाळून जातो. फुलं उरतात ती ओढ्याकाठी नि बांधावर, आणि फुलपाखरंही तिथंच गोळा होतात. त्यांच्यामागे धावू नका, झाडापाशी बसा. पण झाड निवडून. पळस कितीही पेटलेला असला तरी तो पाखरांचा, मैना-साळुंक्यांचा. पिवळ्या धोतऱ्यात मधच नसतो. एकदांडी, घाणेरी आणि रुई, एवढ्यावर लक्ष ठेवा. सकाळी नऊ ते अकरा, सूर्य समोर घेऊन. आपली सावली पडली की फुलपाखरू उडालंच.

रुईच्या पानाखाली बिबळ्या कडवा, म्हणजे प्लेन टायगर या फुलपाखराची मादी एकेक अंडं घालते. अळीला काळे-पांढरे-पिवळे पट्टे, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. रुईच्या चिकातलं विष तिच्या अंगात मुरतं, म्हणून पक्षी या फुलपाखराला सहसा तोंड लावत नाहीत. याच वचकाचा फायदा छोटा चांदवा या दुसऱ्या फुलपाखराची मादी घेते. रंग हुबेहूब तोच, पण मागच्या पंखावर काळा ठिपका एकच, तोही वरच्या कडेला. कडव्याला मधोमध तीन-चार असतात. इथं जाणतेही फसतात.

अळी पाळायची तर घट्ट झाकणाची बरणी नको; आत दमट होऊन बुरशी धरते. तोंडाला मलमलीचा तुकडा बांधा, पान रोज ताजं, पाणी शिंपडायचं नाही. बरणी उंच हवी. कोष लटकलेला असतो, खाली मोकळी जागा नसली तर पंख उलगडत नाहीत, चुरगळलेलेच वाळतात. पान तोडल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. चिकानं डोळा सुजतो.

आणखी एक घोटाळा पुस्तकातल्या चित्रांमुळे होतो. मयूर भिरभिरी या फुलपाखराच्या पंखांखालचे डोळ्यांसारखे ठिपके पावसाळ्यात ठसठशीत, पण या दिवसांत जवळजवळ पुसलेले. पंख मिटले की नुसतं वाळकं पान. म्हणून वहीत नावाआधी तारीख, वेळ आणि फूल लिहा. फोटो पंख उघडे असताना एक, मिटल्यावर एक. निळ्या बारक्या फुलपाखरांची ओळख तर बहुतेक खालच्याच बाजूनं पटते.