डेकेअर बघायला जाल तेव्हा हे पण विचारा

मी अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या एका डेकेअर सेंटरमध्ये टॉडलर रूमला, म्हणजे नुकत्याच चालायला लागलेल्या मुलांच्या वर्गाला, टीचर आहे त्यामुळे ओळखीतल्या सगळ्या नव्या आईबाबांचे फोन मलाच येतात. फी किती, व्हेज जेवण मिळेल का, वेटिंग लिस्ट किती मोठी, सगळं विचारतात. पण तुमच्याकडे हेल्थ कन्सल्टंट कोण येते आणि शेवटची कधी आली होती, हे कोणीच विचारत नाही. मला विचाराल तर हा प्रश्न फीच्या आधी यायला हवा.

इथे लायसन्सवाल्या सेंटरला हेल्थ, शिक्षण, सोशल सर्व्हिस असे बाहेरचे कन्सल्टंट ठेवावेच लागतात, इन्स्पेक्शनला त्याची कागदपत्रं बघतात. हेल्थवाली बहुतेक वेळा रजिस्टर्ड नर्स असते. आता कागद पूर्ण असणं वेगळं आणि त्या माणसाचा उपयोग करून घेणं वेगळं. मी आधी जिथे होते तिथे नर्स यायची, ऑफिसात बसून फॉर्मवर सह्या करायची आणि निघून जायची, वर्गात कधी पाऊलच टाकलं नाही तिने.

आत्ताची आमची नर्स थेट डायपर टेबलपाशी येऊन उभी राहते. आधी साबणपाण्याने टेबल पुसलं का, मग ब्लीचचं पाणी मारलं का, आणि मारल्यावर दोन मिनिटं ओलं राहू दिलं का, का घाईत लगेच पुसून टाकलं, हे सगळं बघते, कारण लगेच पुसलं तर जंतू मरतच नाहीत, नुसता वास येतो. एकदा तिने विचारलं एपिपेन (जीवघेण्या ॲलर्जीत लगेच द्यायचं इंजेक्शन) कुठेय, तर ते बाकीच्या औषधांबरोबर कपाटात कुलूप लावून ठेवलेलं आणि किल्ली डायरेक्टरकडे! शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या पोराचा श्वास अडकला तर किल्ली शोधायची का? त्याच दिवशी ते मुलांचा हात पोचणार नाही पण आपल्याला पटकन घेता येईल अशा जागी आलं, आणि मग तिने आम्हा सगळ्यांकडून सुई नसलेल्या डेमो पेनने मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबून तीन सेकंद धरायची प्रॅक्टिस करून घेतली. अशा गोष्टी व्हिडिओ बघून हातात बसत नाहीत हो.

दुसरी गोष्ट वागणुकीची. तेव्हा येल युनिव्हर्सिटीत असलेल्या वॉल्टर गिलियम यांनी 2005 साली अभ्यास मांडला होता, त्यात सरकारी मदतीच्या प्रीस्कूलमधून दर हजारी साधारण 7 मुलं काढून टाकली जात होती, मोठ्या मुलांच्या शाळांच्या तिप्पट! तीन-चार वर्षांची मुलं ही. आणि जिथे टीचरला मेंटल हेल्थ कन्सल्टंटची नियमित मदत होती तिथे हे प्रमाण कमी होतं. कनेक्टिकटमध्ये 2002 पासून यासाठी ईसीसीपी (अर्ली चाइल्डहूड कन्सल्टेशन पार्टनरशिप) नावाचा कार्यक्रम आहे, सेंटरला एक पैसा पडत नाही.

हे कन्सल्टंट मुलावर उपचार करत नाहीत, वर्गात बसून मोठ्यांकडे बघतात. आमच्याकडे एक मुलगा होता, घरी फक्त मराठी, आणि रोज कोणाला तरी मारायचा, दुसऱ्या मुलांचे पालक चिडलेले. आमच्याकडे आलेल्या कन्सल्टंट बाईंनी दोन सकाळ बसून दाखवून दिलं की तो खेळताना मारतच नाही, खेळ आवरून हात धुवायला जायच्या वेळी मारतो, कारण आम्ही लांबून ओरडून सूचना देतो आणि त्याला काही कळत नाही. मग भिंतीवर त्याच्या उंचीला चित्रं लावली, आधी हे मग ते, आणि मी जवळ जाऊन खाली बसून "चल, हात धुऊया" म्हणायला लागले. मारणं अगदी थांबलं असं नाही, पण त्याला काढायचा विषय बंद झाला.

त्यामुळे सेंटर बघायला जाल तेव्हा सरळ विचारा, नर्स वर्गात येते का, औषध द्यायचं ट्रेनिंग कोणी घेतलंय, माझं मूल चावायला लागलं तर तुम्ही कोणाला बोलावता. डायरेक्टर पटकन नाव सांगते का फाइल शोधायला उठते, ते बघा. आणि मूल आधीच कुठे जात असेल तरी विचारा, अडचण आल्यावर ईसीसीपीला बोलवा म्हणून आईबाबांनी मागे लागलं की सेंटरं हलतात, हे मी आतून बघितलंय.