एकदाच आलेली टक

खोक्यात बावीस लाँगप्ले होत्या. गिऱ्हाईक निवृत्त प्राध्यापक, तबकड्या त्यांच्या बोटीवर नोकरीला असलेल्या काकांच्या. सगळ्या डिजिटल करून, यादी लावून द्यायच्या.

सोलापुरात हे काम म्हणजे निम्मं धुणंच. धूळ खाचेत जाऊन बसते, आणि बोअरच्या पाण्यानं धुवायला जाल तर क्षार वाळून तोच खरखरतो. म्हणून डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं. लाखेच्या जुन्या तबकडीला अल्कोहोल लावलं की ती गेली, हे सांगून थकलो. लोक सॅनिटायझरनं पुसून आणतातच.

अठरावी तबकडी निघाली अमेरिकन सॅक्सवादक ऑर्नेट कोलमनची ‘फ्री जॅझ’. अटलांटिक कंपनी, १९६१. कव्हरला भोक. "उंदरानं खाल्लंय," सर म्हणाले. उंदीर इतकं चौकोनी खात नाही. ते कंपनीनंच पाडलंय, त्यातून आतल्या जॅक्सन पोलॉकच्या चित्राचा तुकडा दिसतो.

काउंटरवर एकच स्पीकर आहे, डावा-उजवा दोन्ही चॅनल त्यातच. दोन मिनिटांत सरांचा चेहरा बदलला. "मशीन बिघडलंय काय ओ? नाहीतर हे जॅझ नव्हे. अवांगार्द का काय म्हणतात ते. यादीत तसंच घाला." आमच्या पोरानं तत्परतेनं विचारलं, "‘खराब’मध्ये टाकू का?" त्याला खरखर आणि झांज यातला फरक तीन वर्षांत कळलेला नाही.

आता फाइलमध्ये ‘प्रकार’ म्हणून एक खाना असतो. फ्लॅक या आवाजाच्या फाइलीत दोन नावं भरता येतात, पण बरेच प्लेअर पहिलंच वाचतात. म्हणजे ठरवणं आलंच.

सरांना हेडफोन दिला आणि उजवा चॅनल बंद केला. ही तबकडी एका स्पीकरवर ऐकायचीच नाही. २१ डिसेंबर १९६० ला न्यूयॉर्कमध्ये आठ जण एकाच वेळी वाजवत होते, चार डावीकडे, चार उजवीकडे. डावीकडे कोलमनचा सॅक्स, डॉन चेरीचा छोटा ट्रम्पेट, स्कॉट लाफारोचा बास, बिली हिगिन्सचे ड्रम. उजवीकडे एरिक डॉल्फीचा बास क्लॅरिनेट, फ्रेडी हबर्डचा ट्रम्पेट, चार्ली हेडनचा बास, एड ब्लॅकवेलचे ड्रम. दोन्ही एका स्पीकरवर ओतले की बाजारच होतो. एक बाजू बंद केली की माणसं वेगळी ऐकू येतात.

सर पाच मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "ठेका आहे की."

ठेका आहे, आवर्तन नाही. समेसाठी मान तयार ठेवावी आणि सम येऊच नये, असं सदतीस मिनिटं चालतं. अंगावर येतं ते माझ्या मते यामुळंच, किंचाळण्यामुळं नाही. पण मधूनमधून आठही जण मिळून बांधलेला तुकडा वाजवतात आणि एकाला पुढं सोडतात, बाकीचे त्याला मागून डिवचत राहतात. ही रीत जॅझचीच. लंडनच्या एएमएम या वादकगटासारख्यांकडं ठेकाही हाताला लागत नाही, तिथं सरांचा शब्द मी मुकाट लिहिला असता. शिवाय अवांगार्द हा मूळ फ्रेंच फौजेतला शब्द, आपल्याकडची बिनी. पुढं कोण चाललंय ते त्यातून कळतं, फौज कुणाची ते नाही. १९६२ मध्ये डाउनबीट या जॅझच्या नियतकालिकानं या तबकडीची दोन परीक्षणं छापली होती, एकाचे पाच तारे, दुसऱ्याचा शून्य. सरांना अर्थातच शून्यवाला पटला.

तेवढ्यात लग्नाच्या बँडचे क्लॅरिनेट मास्तर पेनड्राइव्ह न्यायला आले. त्यांना डॉल्फी ऐकवला. "क्लॅरिनेटची पत्ती ओरडली तर माणूस तोंड सावरतो ओ. हा परत तिथंच चढायलाय. मुद्दाम करायलाय."

घोळ पुढं झाला. साफसफाईला डीक्लिक, म्हणजे टकटक आपोआप काढणारं सॉफ्टवेअर, लावलं, रोजच्याच सेटिंगवर. सॉफ्टवेअरमध्ये ‘काढलेलं तेवढंच ऐका’ अशी सोय असते, ती फारसं कुणी वापरत नाही. मी दाबली. कचऱ्यात टकटक होतीच, पण तिच्या मागं ट्रम्पेटच्या फुंकीची सुरुवात आणि ड्रमच्या काठीचा कडक भाग निघून आला होता. अचानक उठणारा टोकदार आवाज म्हणजे ओरखडा, एवढंच त्या यंत्राला शिकवलंय. भावगीताला चालतं, इथं ते वादकच खरवडत होतं.

सगळं पूर्ववत केलं आणि टका हातानं काढायला बसलो. खूण सोपी आहे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. आडवा ओरखडा दर १.८ सेकंदाला वाजतो. तीन-चारदा तेवढ्याच अंतरानं आला की खुशाल काढा. दोन बाजूंना चार तास गेले, बिलात एका तासाचेच पैसे लावले.

‘प्रकार’मध्ये ‘जॅझ’ लिहिलं. सरांचा शब्द शेऱ्यात घातला, त्यांनी हो-ना केलं नाही.

दुसऱ्या बाजूला, उजवीकडं, एक टक आहे. एकदाच येते. १.८ सेकंदानं पुढं पाहिलं, मागं पाहिलं, काही नाही. धुळीचा कण असेल, नाहीतर ब्लॅकवेलची काठी कडेला लागली असेल. भिंगाखाली खाच स्वच्छ दिसते. फाइल गेली, ती टक तशीच आहे.