शंभर हर्ट्झ

कोपनहेगनमधल्या एका सभागृहाची हवा मी सांभाळतो. सभागृहाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते तिथल्या काही जणांना आवडणार नाही. थंड देशात एसीवाल्याला काय काम, असं पुण्याचे नातेवाईक विचारतात. खरं काम हिवाळ्यातच असतं. बाहेरची गारठलेली हवा आत घेऊन तापवली की ती इतकी कोरडी होते की व्हायोलिनचे सरसाने चिकटवलेले सांधे सुटू लागतात. म्हणून हिवाळाभर आम्ही हवेत बाष्प सोडत राहतो आणि आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही. एवढी हवा हलवायची, पण तिचा आवाज कुणाच्या कानावर पडता कामा नये. डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारे पत्र्याचे मार्ग, रुंद ठेवायचे, हवेचा वेग कमी ठेवायचा, वाटेत सायलेन्सर बसवायचे. या कामाची वाहवा कधी होत नाही, आणि ते मला मान्य आहे.

त्या दिवशी डॅनिश स्ट्रिंग क्वार्टेटचा, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चौघांच्या वाद्यवृंदाचा, कार्यक्रम होता. त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण दुसरं कुणी असतं तर हा प्रकार उघडकीलाच आला नसता असं मला अजून वाटतं. फ्रेडरिक ओलंड आणि रूने टॉन्सगॉर्ड सोरेन्सन हे व्हायोलिनवादक आणि आस्ब्यॉर्न नॉरगॉर्ड हा व्हायोलावादक, हे तिघे लहानपणी संगीताच्या उन्हाळी शिबिरात भेटले. तिथे ते फुटबॉल खेळायचे आणि एकत्र वाजवायचे. पुढे इथल्या रॉयल अकॅडमीत टिम फ्रेडरिक्सन यांच्याकडे शिकले आणि २००२ साली याच शहरात त्यांनी पहिला जाहीर कार्यक्रम केला. चेलोवादक फ्रेड्रिक शोलिन हा नॉर्वेचा, तो २००८ मध्ये आला. दुसऱ्याच वर्षी त्यांनी लंडनची क्वार्टेट स्पर्धा जिंकली. यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांच्यात पहिलं व्हायोलिन कायमचं कुणा एकाचं नाही. रचना बदलली की ओलंड आणि सोरेन्सन जागा बदलतात. आपला पुढे बसण्याचा मान असा सहज सोडणारी माणसं आमच्या ऑफिसात मी पाहिलेली नाहीत.

कार्यक्रमात बाखची एक जी मायनर फ्यूग (एकच धून एकामागून एक वेगवेगळ्या वाद्यांत येत जाते अशी रचना), मेंडेलसोनचं ओपस १३ आणि बेथोव्हेनचं ओपस १३२ होतं. ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक, आणि चौघांसाठी लिहिलेल्या अशा रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात. ही सांगड त्यांची स्वतःची. ‘प्रिझम’ नावाच्या पाच रेकॉर्डिंगच्या मालिकेत त्यांनी बेथोव्हेनच्या शेवटच्या काळातल्या प्रत्येक क्वार्टेटच्या एका बाजूला बाख आणि दुसऱ्या बाजूला नंतरचा एक रचनाकार ठेवला आहे. मेंडेलसोनने ओपस १३ लिहिलं १८२७ मध्ये, म्हणजे बेथोव्हेन गेला त्याच वर्षी, आणि तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. ते ऐकताना कळतं की या मुलाने म्हाताऱ्या बेथोव्हेनची पानं पार घोटून प्यायली होती.

दुपारी रंगीत तालमीच्या वेळी स्टेज मॅनेजरचा फोन आला. ‘स्टेजवर घुमतंय, चेलोच्या जागी जास्त. तुझे पंखे बंद कर.’ काहीही घुमलं की ते माझ्या पंख्यांवर येतं. कारण पंखे सगळ्यांना ठाऊक असतात, बाकीची यंत्रं कुणाला ठाऊक नसतात.

मी वाद न घालता दोन्ही पंखे बंद केले आणि स्टेजवर जाऊन उभा राहिलो. घुमणं तसंच होतं. पंख्याचा सूर त्याच्या फेऱ्यांवर आणि पात्यांच्या संख्येवर ठरतो, फेऱ्या कमी केल्या की तो खाली घसरतो. हा सूर जागचा हलत नव्हता. फोनवरच्या ॲनालायझरने आकडा दाखवला, बरोबर १०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनं. इथली वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातलं पोलाद विजेच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणलं जातं, म्हणून त्याचा सूर दुप्पट, १०० हर्ट्झ. गावाकडे डीपीजवळून जाताना जो घूंऽ ऐकू येतो, तोच हा. स्टेजच्या खाली प्रकाशयोजनेची खोली आहे आणि तिथे एक ट्रान्सफॉर्मर आहे. माझा संशय लगेच तिकडे गेला.

आता चेलोच्याच जागी का? चेलोची जी तार मोकळी वाजवली तर ९८ हर्ट्झच्या आसपास बोलते. जवळचे दोन सूर एकत्र वाजले की डोल येतो. तंबोरा जुळवताना आपण तो डोल ऐकत ऐकतच खुंटी पिळतो. इथे सेकंदाला दोनेक वेळा डोलणारा सूर चेलोवादकाच्या पायाखालून येत होता. चेलो जमिनीत रोवलेल्या लोखंडी काडीवर उभा असतो. स्टेजची फळी थरथरली तर ती काडी, ते लाकूड, वादकाचे गुडघे, सगळ्यांना ते जाणवतं. त्यात ओपस १३२ची सुरुवातच एकट्या चेलोने होते, अगदी हळू, आणि पहिला स्वर त्या मोकळ्या तारेपासून अर्ध्या स्वरावर. याहून वाईट जागी तो सूर बसूच शकला नसता.

खाली गेलो. ट्रान्सफॉर्मर रबराच्या पायांवर नीट ठेवलेला होता. पण उन्हाळ्यात दिव्यांचं नूतनीकरण झालं, तेव्हा कुणीतरी त्याच्या पेटीला लोखंडी कंड्युट, म्हणजे वायरी नेणारा पाइप, जोडून तो पाइप दोन क्लॅम्पनी थेट स्लॅबला आवळला होता. म्हणजे रबराने अडवलेली थरथर पाइपातून मजेत वर चाललेली. पेटीपाशी हातभर फ्लेक्सिबल पाइप टाकला असता तर हे झालंच नसतं. असल्या कामाचा मला फार राग येतो. दिवा लागला ना, मग झालं काम, असं मानणारे लोक सगळ्या देशांत सारखेच.

विजेच्या पेटीला मी हात लावू शकत नाही, इथले नियम कडक आहेत आणि ते योग्यच आहेत. अधिकृत इलेक्ट्रिशियन तासाभरात आला. त्याने सप्लाय तोडला, क्लॅम्प सोडवले, पाइप आणि स्लॅबमध्ये रबराची पट्टी घालून हलकेच परत बसवले. हा माणूस फार कमी बोलतो आणि त्याचं काम पाहत राहावं असं असतं. मी स्टेजवर मीटर लावला होता. १०० हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे फक्त त्या सुराच्या आसपासचा आवाज वेगळा काढून मोजला तर, ३८ डेसिबल होते ते २४ वर आले. त्या सुराला माणसाचा कान साधारण २६-२७ डेसिबलच्या खाली ऐकूच शकत नाही. म्हणजे यंत्राला तो सूर अजून दिसत होता, माणसासाठी तो संपला होता.

आता ज्यावरून माझं डोकं अजून फिरतं ते सांगतो. नूतनीकरणानंतर ध्वनितज्ज्ञाने सभागृह मोजलं होतं आणि ‘पास’ असा अहवाल दिला होता. मोजणी खोटी नव्हती. पण त्याने मीटर ‘ए’ वेटिंगवर, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे खालचे सूर कमी धरणाऱ्या पद्धतीवर, ठेवून सगळ्या आवाजाचा मिळून एकच आकडा घेतला. या पद्धतीत १०० हर्ट्झच्या आवाजातून १९ डेसिबल वजा होतात. ३८ चे झाले १९, आणि मर्यादा होती २५. प्रत्येक पट्टा वेगळा मोजला असता तर तो सूर कागदावर उठून दिसला असता. किंवा दिवे लावून दोन मिनिटं स्टेजवर नुसतं उभं राहिलं असतं तरी पुरलं असतं.

आणि उन्हाळ्यापासून त्या स्टेजवर ऑर्केस्ट्रा येऊन गेले, पियानोवादक येऊन गेले, जॅझवाले आले. एकही तक्रार नाही. त्यांचे कान कमी होते असं मी म्हणणार नाही. रात्री शेवटच्या रांगेमागे उभा राहून ऐकताना मला त्याचं थोडंफार कारण सापडलं. हे चौघे स्वराला लावतात तो कंप, व्हायब्रेटो, गरज असेल तेव्हाच लावतात. ओपस १३२च्या तिसऱ्या भागात तर स्वर जवळजवळ सरळ, उघडे येत होते. बेथोव्हेनने १८२५ मध्ये मोठ्या आजारातून उठल्यावर लिहिलेलं हे देवाचे आभार मानणारं गाणं. जुन्या लिडियन मोडमध्ये आहे, म्हणजे आपल्या भाषेत कल्याण थाट, तीव्र मध्यमासह. लांब लांब स्वर, चार गज एकाच संथ वेगाने, आणि त्यात कुठे आडोसा नाही. कंप असला की सूर थोडा रुंद होतो आणि त्या रुंदीत खोलीतली घरघर लपून जाते. सरळ सुरात काहीच लपत नाही. चार माणसांचा सूर इतका तंतोतंत जुळला की पाचवा सूर पाहुणा म्हणूनही खपत नाही.

हा पंधरा-सोळा मिनिटांचा भाग चालू असताना मी हवेचा प्रवाह जितका कमी करता येईल तितका केला होता. कार्बन डायऑक्साइड थोडा चढला, आणि दुसऱ्या दिवशी हॉल कोंदट होता अशी एक ईमेल आलीच. त्या बाईंना मी सविस्तर उत्तर लिहिलं. पण दोन भागांच्या मध्ये सगळं सभागृह मिळून जे खोकतं, त्याबद्दल ईमेल कुणाला पाठवायची ते मला कळत नाही.

शेवटी त्यांनी एक लोकधून वाजवली. २०१४च्या ‘वुड वर्क्स’ या अल्बमपासून ते उत्तरेकडच्या लोकधुना क्वार्टेटसाठी बांधत आले आहेत. त्यात डेन्मार्कच्या फॅनो बेटावरच्या सोन्नरहो गावची लग्नातली गाणीही आहेत. सोरेन्सन लोकसंगीताच्या एका त्रयीतही वाजवतो, त्यामुळे हे पाहुण्याने हौस म्हणून उचललेलं वाटत नाही. मोकळ्या तारा, खालचा धरून ठेवलेला सूर, आणि पायाने ठेका. बेथोव्हेनला जितकी शिस्त लावली तितकीच या धुनेला. खालचा तो धरलेला सूर स्वच्छ ऐकू आला, आणि ती दुपार वाया गेली नाही याचं मला फार समाधान वाटलं.

पुढच्या निविदेत पट्ट्यानुसार मोजणीची अट घालावी असं मी लेखी दिलं आहे. खर्च वाढेल, असं व्यवस्थापनाचं म्हणणं आहे. निर्णय अजून झालेला नाही. दरम्यान त्याच खोलीत नवीन यूपीएस बसवायचं ठरलं आणि ड्रॉइंग माझ्याकडे सहीला आलं. यूपीएसच्या खाली रबर दाखवलं आहे, पाइप मात्र पुन्हा पेटीपासून स्लॅबपर्यंत लोखंडी. त्यावर लाल शाईने गोल करून, बाजूला ३८ आणि २४ हे आकडे लिहून, मी ते सही न करता परत पाठवलं आहे.