मागची बाजू त्याची होती

माझा बॅडमिंटनमधला डबल्सचा जोडीदार गेल्या पावसाळ्यात खेळता खेळता गेला. वय ४७. सांगलीच्या मार्केट यार्डात त्याचं हळदीचं अडत दुकान होतं. भल्या पहाटे विश्रामबागच्या हॉलवर, तिथून घरी आंघोळ आणि सौदे निघायच्या आत यार्डात, असा त्याचा दिवस. हळद त्याच्या बोटांच्या पेरांत मुरलेली असायची. रॅकेटला नवी पांढरी ग्रिप चढवली की आठवडाभरात पिवळी. आम्ही चिडवलं की म्हणायचा, "राजापुरी आहे, जाणार नाही."

आमच्या जोडीची वाटणी कधी बोलून ठरली नव्हती, पण पक्की होती. नेटजवळचं माझं, मागचं सगळं त्याचं. डोक्यावरून शटल गेलं की मी वळून बघायचोसुद्धा नाही. मागून त्याच्या बुटांचा आवाज यायचा आणि शटल परत जायचं.

इंडोनेशियाचा मार्किस किडो त्याचा सगळ्यात लाडका खेळाडू. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये किडो आणि हेंद्रा सेतियावान यांनी फायनलचा पहिला गेम हरून सुवर्णपदक मिळवलं. हेंद्रा पुढे शांत उभा, आणि उंचीने कमी असलेला किडो मागून उड्या मारत स्मॅश मारतोय. "हे आपणच आहोत," तो म्हणायचा, आणि मला त्याचा फार आनंद व्हायचा.

२०२१च्या १२ जूनला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन मैदानात कोसळला. सगळ्या जगाने ते टीव्हीवर पाहिलं. दोनच दिवसांनी, १४ जूनला, किडो बॅडमिंटन खेळतानाच कोसळला आणि गेला. वय ३६. तेव्हा आमचे हॉल कोरोनामुळे बंद होते. माझ्या जोडीदाराने फोन केला. बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "एक वाचला, एक गेला. असं कसं रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. एरिक्सनच्या छातीवर मैदानातच दाब देणं सुरू झालं होतं, तिथेच विजेचा झटकाही दिला होता, आणि पुढे तो परत खेळायलाही लागला, हे सगळं मी नीट वाचलं ते माझा मित्र गेल्यानंतर.

त्या सकाळी तिसरा गेम चालू होता. पॉइंट संपला, तो शटल उचलायला वाकला, एक गुडघा टेकला आणि तसाच पुढे पडला. आधी हात छातीवर नाही, ओरडणं नाही. चष्मा घसरत नेटपर्यंत गेला. कुणी म्हणालं चक्कर आली, कुणी म्हणालं फिट आहे, कांदा आणा. त्याच्या घशातून मधूनच घोरल्यासारखा आवाज येत होता, त्यामुळे श्वास चालू आहे असंच सगळ्यांना वाटलं. पलीकडच्या कोर्टवर नर्सिंग शिकणारी एक मुलगी खेळत होती. ती धावत आली, म्हणाली, "हा श्वास नाही, बाजूला व्हा," आणि तिने दोन्ही हातांनी छाती दाबायला सुरुवात केली. मोठ्याने मोजत होती. ती दमल्यावर तिने माझे हात धरून योग्य जागी ठेवले आणि मी दाबत राहिलो. १०८ची गाडी आली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं.

शवविच्छेदनात कारण कळलं. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या डाव्या धमनीत गुठळी झाली होती. पस्तिशीच्या पुढच्या माणसाचा खेळताना असा अचानक मृत्यू झाला, तर बहुतेक वेळा कारण धमन्यांचा आजारच असतो. धमनीच्या भिंतीत साठलेला थर फुटतो, त्यावर रक्त गोठतं, हृदयाच्या ठोक्यांची लय मोडते आणि हृदय नुसतं थरथरत राहतं. फुटण्याआधी तो थर फार मोठा असायलाच हवा असं नाही, म्हणून कित्येकांना आधी काहीच जाणवत नाही. त्यालाही जाणवलं नव्हतं. रक्षाविसर्जनाला नदीवर उभं राहून लोक जे बोलत होते, त्याचा मला अजून राग येतो. "काहीतरी होत असणार, अंगावर काढलं." "या वयात कशाला एवढं पळायचं?" गेलेल्या माणसाची चूक सापडली की आपली सुटका होते, अशी ती बोलणी. नियमित खेळणाऱ्याचा हृदयविकाराचा धोका एकूणात कमीच असतो. त्याने काहीही चुकीचं केलेलं नव्हतं. त्याला खेळ आवडायचा आणि तो खेळत होता.

पंधरवड्यानंतर वहिनींनी मला घरी बोलावलं. सासूबाई आत झोपल्या होत्या, मुलगा क्लासला गेला होता. त्या म्हणाल्या, "भावजी, सगळे मला एकच सांगतात, त्रास झाला नाही, क्षणात गेले. मला तेवढं नको. तुम्ही तिथं होता. पहिल्यापासून सांगा, काही गाळू नका."

मी घाबरलो. बायकोने निघताना बजावलं होतं, त्यांना आणखी त्रास होईल असं काही बोलू नका. पण वहिनींकडे बघितलं आणि कळलं की त्या या एका सकाळसाठी दारोदार फिरतायत आणि प्रत्येक जण त्यांच्या तोंडावर दार लावतोय. वीस वर्षं त्यांनी त्याचा प्रत्येक दिवस पाहिलेला. शेवटचा तेवढा आमच्याकडे राहिला होता.

मी सांगितलं. पहिला गेम आम्ही जिंकलो, दुसरा हरलो. मध्ये त्याने पाणी प्यायलं, मुलाच्या बारावीबद्दल बोलला. तिसऱ्यात आम्ही पुढे होतो. "किती?" त्यांनी विचारलं. चौदा-अकरा. घोरण्याचा आवाज, कांदा, त्या मुलीचं मोजणं, माझ्या हाताखालची त्याची छाती, सगळं सांगितलं. चष्मा कुणी उचलला, हेही त्यांनी विचारलं. मग विचारलं, "शेवटचं काय बोलले?"

शेवटचं तो म्हणाला होता, "शटल बदला रे, पिसं गेली याची."

वहिनी एकदम हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. कारण आमच्यात सगळ्यात काटकसरी तोच. दोन पिसं उरली तरी "चालतंय की" म्हणून आम्हाला खेळायला लावणारा. "हे स्वतःहून म्हणाले? बदला म्हणून?" त्या परत परत विचारत राहिल्या. नंतर त्यांनी सासूबाईंना उठवलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. संध्याकाळी मुलगा आला, त्यालाही. मी निघालो तेव्हा अंधार पडला होता. त्या दिवसापासून मला थोडी थोडी झोप लागायला लागली.

हॉलवर परत जायला मला बराच काळ लागला. गटातले दोघे-तिघे आलेच नाहीत पुन्हा, आणि त्यांना कुणी काही म्हणू नये. बाकीच्यांनी ईसीजी, टू-डी इको, ट्रेडमिलवरची चाचणी सगळं करून घेतलं. ते करावंच, पण रिपोर्ट चांगला आला म्हणजे कायमची हमी मिळाली असं होत नाही, हेही आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आता माझ्याबरोबर कॉलेजमधला एक मुलगा खेळतो. चपळ आहे, समजूतदार आहे. पण डोक्यावरून शटल गेलं की मी अजूनही वळत नाही. मागे कोण आहे ते डोक्याला माहीत असतं, पायांना नसतं. त्या मुलाने एकदा विचारलं, "काका, मागं तुम्ही कधीच येणार नाही का?" मी म्हणालो, येईन, थोडा वेळ दे.

त्या नर्सिंगच्या मुलीनेच पुढे तिच्या शिक्षिकांना हॉलवर आणलं. पुतळ्यावर आम्ही सगळे शिकलो. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवायचा, कोपर सरळ, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. बरगडी मोडली तरी थांबायचं नाही. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबत राहायचं. त्या घोरण्याबद्दल बाईंनी वेगळं थांबून सांगितलं: हृदय बंद पडल्यावर कित्येकांच्या घशातून असे आचके येतात, तो श्वास धरायचा नाही. मदत न मिळता जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. हे ऐकताना मी पुतळ्याकडे बघत होतो आणि हात थांबवता येत नव्हते. बाईंनी काही न बोलता मला दाबू दिलं.

झटका देणारं मशीन, एईडी, आता हॉलमध्ये आहे. यार्डातल्या अडत्यांनी आणि हमालांनीही वर्गणी दिली. ते उघडलं की काय करायचं ते स्वतःच बोलून सांगतं, आणि गरज नसेल तर झटका देत नाही, त्यामुळे हात लावायला कुणी घाबरू नये. त्यावर त्याच्या नावाची पाटी लावावी असं आम्हाला वाटत होतं. वहिनी म्हणाल्या, "पाटी नको. त्याला कुलूप तेवढं लावू देऊ नका." व्यवस्थापकांना चोरीची काळजी होती, त्यावर जरा वादही झाला, पण कुलूप नाही. दर महिन्याला बॅटरी आणि पॅडची मुदत बघायचं काम माझ्याकडे आहे. सकाळच्या बॅचमधले सगळे शिकून झाले. संध्याकाळची बॅच राहिली आहे, त्यांना येत्या रविवारी बोलावलंय, आणि वहिनीही मुलाला घेऊन शिकायला येणार आहेत.