आमच्या अंगणातली लॉन, दुसऱ्यांदा

नाशिकला आमच्या रोहाऊससमोर साधारण ४०० स्क्वेअर फुटांचं अंगण आहे. सकाळी अनवाणी गवतावर चालायचं ही अप्पांची फार दिवसांची इच्छा, म्हणून गेल्या वर्षी भर मे महिन्यात घाईघाईने लॉन टाकून घेतली. माळ्याने वरवर खुरपलं, लाल मातीचा थर पसरला, त्यावर गवताच्या तयार लाद्या अंथरल्या आणि संध्याकाळपर्यंत अंगण हिरवंगार. पाऊस लागला आणि तीन आठवड्यांत लव्हाळा हे चिवट तण लाद्यांमधून वर आलं.

लव्हाळा ज्यांनी उपटलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. पातं हातात येतं आणि गाठ खाली तशीच राहते. एकदा मी हळूहळू माती मोकळी करत पूर्ण ओढून काढला तर एका धाग्याला सहा काळ्या गाठी ओळीने लागलेल्या, नखाने एक फोडली तर आत पांढरी आणि नागरमोथ्याचा तो उग्र वास. यातली प्रत्येक गाठ वेगळी फुटते, म्हणजे नुसतं खुरपं मारलं की एकाचे चार होतात. लॉन लावल्यावर हे काढणं जवळपास अशक्य आहे, जे करायचं ते आधीच, हे मला एक अख्खी लॉन घालवून कळलं.

यंदा एप्रिलच्या शेवटी सगळं उकरलं, वीतभर खोल, दगड आणि गाठी वेचल्या. मग काहीही न लावता फक्त पाणी मारत राहिले. आठ दिवसांत लव्हाळा उगवला, गाठीसकट काढला, परत पाणी, परत काढला, असं चार वेळा. रिकामं अंगण बघून सगळे विचारायचे, अजून लॉन नाही का लावली?

मग चांगलं कुजलेलं शेणखत, दोन इंचाचा थर धरला तर पाऊण ब्रासच्या (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आतच लागतं, थोडी वाळू आणि निंबोळी पेंड मिसळून घेतली. घराकडून गेटकडे हलका उतार दिला, रोलर फिरवला, चालून बघितलं, टाच जिथे रुतली तिथे माती भरून परत रोलर.

लाद्या जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आल्या आणि त्याच दिवशी अंथरल्या. गुंडाळलेल्या लाद्यांचा ढीग तसाच ठेवला तर आतून तापतो आणि गवत पिवळं पडतं. विटांच्या बांधकामासारखे सांधे पुढेमागे ठेवायचे, लाद्या एकमेकींना घट्ट भिडवायच्या, आणि छोटे तुकडे कडेला अजिबात लावू नका, ते सगळ्यात आधी वाळतात. सांध्यांमध्ये वाळू आणि शेणखत हाताने भरलं, ताज्या लाद्यांवर पाय नको म्हणून फळी टाकून त्यावर बसून.

पाणी लगेच, आणि इतकं की लादीखालची माती ओली झाली पाहिजे. वरून गवत ओलं दिसतं आणि खाली कोरडं असतं, म्हणून कोपरा उचलून बघायचाच. पहिले दोन आठवडे उघडीप असेल त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ पाणी. आठव्या दिवशी कोपरा उचलला तर खाली शिवणाच्या दोऱ्यासारखी पांढरी मुळं लोंबत होती, मी अप्पांना हाक मारून दाखवली! सोळाव्या दिवशी कोपरा उचललाच गेला नाही, म्हणजे धरली. त्यानंतर पाणी रोजचं बंद, आठवड्यातून दोनदा पण भरपूर, नाहीतर मुळं वरच राहतात. पहिली कापणी गवत दोन-अडीच इंच झाल्यावर, आणि एका वेळी वरचा एक तृतीयांशच भाग.

आंब्याखाली लावलीच नाही. तिथे ऊन पोचत नाही, आणि आमची लॉन सिलेक्शन वन जातीच्या गवताची, तिला पूर्ण ऊन लागतं. तिथे गोटे टाकले आणि अप्पांची खुर्ची ठेवली.

बाविसाव्या दिवशी अप्पा चपला गेटपाशी काढून गवतावर उतरले, काठी न घेता, गेटपासून आंब्यापर्यंत आणि परत. लव्हाळ्याची चार-पाच पाती अजून येतात, रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसते आणि गाठीसकट काढते.