पिशवी फाडून दाखवा

यंदाच्या रोपविक्रीत आमच्या मांडवात दोन प्रकारचा माल होता, आमचा आणि आणलेला. आमची रोपं वीतभर, फार तर हातभर. आणलेली चार फुटी, टवटवीत, पानांनी भरलेली. गर्दी कुठे होती हे सांगायला नको.

माल आणावा का लागला, ते आधी सांगते. 2024च्या ऑगस्टअखेर बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा आमच्या रोपवाटिकेत कमरेएवढं पाणी होतं. ओसरल्यावर पिशव्यांच्या ओळींची नुसती चिखलाची वरवंडी उरली होती, आणि कामाला येणाऱ्या छोटा उदेपूरकडच्या बायका आत पाय टाकायला तयार नव्हत्या, कारण कुठल्या कोपऱ्यात मगर बसली असेल सांगता येत नव्हतं. बडोद्याबाहेरच्या लोकांना हा विनोद वाटतो. आम्ही काठ्या आपटत आत गेलो होतो.

पुरात गेलं ते नुसतं पिशव्यांचं नुकसान नव्हतं. लिंबोळी पिकते जून-जुलैत आणि पडल्यावर दोन-तीन आठवड्यांत पेरली नाही तर तिची उगवण झपाट्यानं घटते. डब्यात भरून ठेवू म्हटलं तर डबा राहतो, बी मरतं. जांभळाचंही तसंच, बी सुकलं की संपलं. म्हणजे ऑगस्टअखेर कडुनिंबाची आणि जांभळाची खेप वाहून गेली की ते वर्ष गेलंच, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हात बांधलेले. बेहडा, करंज, अर्जुन, चिंच, बाहवा ही बियांना सवड देणारी झाडं आम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये परत पेरली. बाहव्याचं बी तर इतकं कडक की तसंच मातीत टाकलं तर महिनोन्‌महिने झोपून राहील. पॉलिश पेपरवर एकेका बीची कड घासायची, आतला पांढुरका रंग दिसला की थांबायचं, मग रात्रभर पाण्यात. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून मी हेच करते. घरातले आता विचारतही नाहीत.

पण निंब आणि जांभूळ नसेल तर विक्री कसली, असं कार्यालयाचं म्हणणं. ते अगदीच चूक नाही, येणाऱ्यांपैकी निम्मे निंबच मागतात. मग बाहेरून ट्रक आला.

ट्रक उतरवतानाच आमच्याकडच्या एका बेननं पिशवी उचलली, खोड दोन बोटांत धरून हलवलं आणि मला हाक मारली. "बेन, आनां मूळियां गूंचळुं वळी गयां छे." म्हणजे याच्या मुळांचं वेटोळं झालंय. तिला शाळेत कुणी हे शिकवलेलं नाही. गेली कित्येक वर्षं ती पिशव्या भरते, तेवढंच. मी पाहिलं तर खोड मातीच्या वरच डुलत होतं, पिशवी बाहेरून दगडासारखी घट्ट, प्लास्टिक उन्हानं इतकं कडक झालेलं की बोट लावलं तर तडकत होतं. एका मोसमाच्या रोपाची पिशवी अशी होत नाही. कुणाच्या तरी शिल्लक राहिलेल्या दोन-अडीच वर्षांच्या मालाला वरून युरिया देऊन हिरवं केलेलं होतं.

मी लेखी दिलं. कार्यालयातल्या भाईंनी वाचून फाइलला लावलं. "उंची तर ऑर्डरप्रमाणे आहे ना?" हे त्यांचं उत्तर. होती. ऑर्डरमध्ये जातीचं नाव, नग, दर आणि किमान उंची, एवढेच चार रकाने होते. मुळाचा रकाना नव्हता.

ज्यांनी रोप फक्त विकत घेतलंय त्यांच्यासाठी थोडं सांगते. गुळगुळीत पिशवीत मूळ वाढत जातं, भिंतीला लागतं आणि वळतं. परत भिंत, परत वळण. सोटमूळ तळाला टेकतं आणि तेही गोल फिरतं. पिशवी मातीवर ठेवली असेल तर मुळं तळाच्या भोकांतून जमिनीत घुसतात, रोप जमिनीतलं खातं आणि झपाझप उंच होतं, आणि विक्रीच्या दिवशी उचललं की ती मुळं तुटून रोप दुपारपर्यंत मान टाकतं. म्हणून पावसाळ्यात महिन्या-महिन्याला पिशव्या जागची हलवायच्या, बाहेर आलेलं मूळ कापायचं, लहान-मोठी वेगळी लावायची. कंटाळवाणं काम आहे आणि ते फोटोत दिसत नाही. आता काही रोपं आम्ही रूट ट्रेनरमध्ये करतो, 150 सीसीचे कप, आतून उभ्या कंगोऱ्यांचे, जाळीच्या मांडणीवर अधांतरी ठेवलेले. मूळ खाली हवेत डोकावलं की टोक सुकतं आणि वरून नवे फाटे फुटतात. रोप बुटकं राहतं, पण कप उलटा केला की मुळांचा ठोकळा सरळच्या सरळ हातात येतो. तो दाखवायला मला फार आवडतं. बघणाऱ्याला त्यात काय बघायचं ते कळत नाही, ही वेगळी गोष्ट.

तर रविवार होता. आदल्या रात्री पाऊस झालेला, त्यामुळे सकाळपासून झुंबड. एका सोसायटीचे सेक्रेटरी कुंपणाला कोनोकार्पसच हवा म्हणून अडून बसलेले. गुजरातनं सप्टेंबर 2023मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, परागानं सर्दी-खोकला-दम्याचा त्रास, मुळं गटारात आणि केबलमध्ये, हे सगळं मी सांगितलं. "पण हिरवा किती दिसतो!" मेंदी घ्या, करवंद घ्या, अडुळसा घ्या. करवंदाला काटे असतात म्हणून नको. कुंपणाला! दुसरीकडे एक बाई गेल्या वर्षीचं चंदनाचं रोप मेलं म्हणून भांडत होत्या. चंदन दुसऱ्या झाडाच्या मुळांतून खातं, म्हणून त्याच्याच पिशवीत आम्ही तूर लावून देतो. ती तूर त्यांनी तण समजून पहिल्याच दिवशी उपटली होती. कोकोपीटच्या विटा मातीऐवजी नेणारे तर दर तासाला एक. त्यात झाडाला खायला काही नसतं हो, नुसता ओलावा धरतं ते.

या गडबडीत एक काका निंबाच्या ओळीसमोर बराच वेळ उभे होते. सत्तरीपुढचे, सदरा-लेंगा, पायांत रबरी चपला. लोक रोपं खोडाला धरून मानगुटीनं उचलतात. यांनी मात्र पिशवीखाली हात घालून उचललं, तेव्हाच माझं लक्ष गेलं. त्यांनी खोड दोन बोटांत धरून हलवलं. मग दुसरं, मग पलीकडच्या ओळीतलं.

"ताई, एक फाडून दाखवता?"

पावतीवर बसलेला मुलगा म्हणाला, "काका, फाडलेलं रोप कोण घेणार?"

"मी घेतो. हे वीस रुपये. आता रोप माझं. मग मी फाडलं तर चालेल ना?"

खिशातून त्यांनी कलमाचा चाकू काढला, लाकडी मुठीचा, पातं घासून घासून अर्ध्यावर आलेलं. पिशवीला वरून खाली एक रेघ मारली, प्लास्टिक बाजूला केलं आणि टेबलावर आडवं ठेवलं. माती दिसतच नव्हती. बाहेरून सगळी तपकिरी मुळंच, एकावर एक गुंडाळलेली, आणि तळाशी पेन्सिलीएवढ्या जाड सोटमुळाची चुंबळ. पांढरं, नवं टोक शोधून सापडेना. काकांनी त्या चुंबळीत बोट घातलं आणि रोप उचललं. चार फुटांचं झाड त्या एका बोटावर लटकलं.

बोलले काही नाहीत. बोलायची गरजच नव्हती, कारण मागे वीस-पंचवीस माणसं उभी होती आणि सगळ्यांनी आपापल्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

मी केव्हाची जे कागदावर सांगत होते ते एका गिऱ्हाइकानं वीस रुपयांत करून दाखवलं. मला आनंद झाला की राग आला, हे अजून नीट सांगता येत नाही. दोन्ही झालं.

मग जे व्हायचं तेच. "आमचंही फाडून दाखवा." भाई धावत आले, "एक खराब निघालं म्हणून सगळी खराब कशी?" रास्त प्रश्न. मी ओळीतून इथून तिथून रोपं उचलून कापली. एखाददुसरं सोडलं तर सगळी तशीच, जांभळं त्यातल्या त्यात बरी. एका गृहस्थांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि तरी म्हणाले, "मला उंचच द्या, मुळं काय, जमिनीत गेली की आपोआप सरळ होतील." होत नाहीत. वळलेलं मूळ वळणातच जाड होत जातं. झाड वर्षानुवर्षं चांगलं दिसतं, पानं येतात, सावलीही पडते, आणि आत मूळ आणि बुंधा एकमेकांना आवळत असतात. मग एखाद्या वादळात ते मुळासकट आडवं होतं आणि सगळे वाऱ्याला दोष देतात. पावसाळ्यात पडलेल्या रस्त्याकडेच्या झाडाचं बूड एकदा वाकून बघा. काहींत पिशवीचा आकार अजून ओळखू येतो.

भाईंचं म्हणणं विक्री थांबवू नका, रोपं पडून तरी मरणारच आहेत. माझं म्हणणं थांबवा. काका मध्येच म्हणाले, "तळ कापून द्या. निंब आहे, फुटेल."

ते बरोबर होतं, आणि भाईंनाही सोयीचं होतं. आम्ही टेबल मांडलं. पिशवी काढायची, खालचा इंचभर थर चुंबळीसकट चाकूनं उडवायचा, मग चार बाजूंनी वरून खाली नखभर खोल चिरे, म्हणजे फिरणारं प्रत्येक मूळ कुठेतरी तुटतं आणि तिथून नवं बाहेरच्या दिशेनं निघतं. मुळं कमी केली म्हणून खालची निम्मी पानं काढायची, नाहीतर पानं मागतील तेवढं पाणी मूळ देऊ शकत नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून द्यायचं आणि आजच लावा, उद्या नाही, असं बजावायचं. सुरुवातीला खत घालायचं नाही. काका एका टोकाला, मी दुसऱ्या, मध्ये ती गूंचळुंवाली बेन, आणि ती आमच्या दोघांपेक्षा भरभर कापत होती. काकांनी तिच्याकडे पाहून नुसती मान हलवली. पुढे कळलं ते एवढंच की त्यांचा जन्म बागकामात गेला. कुठल्या बागेत ते विचारायला सवड झाली नाही, आणि दुपारी गर्दी ओसरली तेव्हा ते निघून गेले होते. स्वतःचं ते पहिलं रोप मात्र नीट कापून, बांधून घेऊन गेले.

निम्मे लोक कापलेलं रोप बघून परत गेले. हिरव्या पानांचा ढीग पाहून त्यांना वाटलं आम्ही झाड मारून देतोय. थोडेजण आमच्या बुटक्या ओळीकडे वळले. एका मुलीनं रूट ट्रेनरमधला अर्जुन उलटा करून मागितला, ठोकळा बघितला आणि आईला म्हणाली, "मम्मी, हे बघ, याची सरळ आहेत." दोघींनी चार नेले.

माझ्या डोक्यातून जात नाही ते वेगळंच आहे. काका आले साडेदहाला. मांडव उघडला होता आठला. त्या अडीच तासांत न कापलेली रोपं गेली, आणि पावतीपुस्तकाच्या दुसऱ्या प्रतीवर सगळ्यांचे फोन नंबर आहेत. रोप लावून आठ-पंधरा दिवस झाले असतील तोवर अलगद काढून, चिरे देऊन परत लावता येतं. पुढे मुळं धरली की उशीर. मी भाईंना विचारलं, फोन करू का? म्हणाले, "लोक खूश आहेत, त्यांना कशाला घाबरवायचं?" मी केले. एका काकूंनी सगळं नीट लिहून घेतलं आणि संध्याकाळी कापलेल्या मुळांचा फोटो पाठवला, खाली "बाप रे". एकांनी विचारलं, मग पैसे परत देणार का. बहुतेकांनी मात्र ऐकून घेतलं, हो हो म्हटलं आणि सांगितलं की झाड एकदम मस्त आहे, वरून नवी पालवी येतेय. पालवी येणारच. आणखी सात-आठ वर्षं येईल. त्यांना मी काय सांगणार?

पुढच्या वर्षीच्या खरेदीचा मसुदा परवा आला. निंब आता आमच्याकडे पेरून झालाय, तरी थोडा माल बाहेरून घ्यायचाच असं ठरलंय. मी त्यात बुंध्याची जाडी घातली, सेंटिमीटरमधली उंची भागिले मिलिमीटरमधली जाडी सहाच्या आत असावी असं, आणि शेवटी एक ओळ: माल उतरवताना दर शंभरी एक पिशवी आमच्या पसंतीनं फाडली जाईल, मुळं फिरलेली निघाली तर ट्रक परत. मसुदा टाइप होऊन आला तेव्हा त्यात जातीचं नाव, नग, दर आणि किमान उंची होती. भाई म्हणाले, "बेन, एवढ्या अटी घातल्या तर दर कोण भरणार?"

त्या दोन्ही ओळी मी पुन्हा पेनानं लिहून, खाली सही करून, कागद परत पाठवलाय.