शिरोलीतून शाहूपुरीतल्या संगणकापर्यंत

माझे आबा मोडी वाचतात. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काम मनापासून हाती घेतले आणि आता आसपासच्या गावांतील लोक जुन्या पेटीत सापडलेले वतनाचे कागद, वाटणीपत्रे, गहाणखते घेऊन कोल्हापुरातल्या आमच्या शाहूपुरीच्या घरी येतात. रात्री मी ते कागद स्कॅन करून संगणकात ठेवतो आणि दिवसा आबा पडद्यावर अक्षर मोठे करून त्यांचे बाळबोधीत लिप्यंतर टंकतात. मी मात्र दिवसभर पंचगंगेच्या पलीकडे, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ड्रॉइंग विभागात असतो. दुपारी त्यांचा फोन येई, "अरे, ते पान बंदच झालं बघ, आता उघडंना." मग मला न दिसणाऱ्या पडद्यावर त्यांनी कुठे क्लिक करावे, हे मी अंदाजाने सांगत बसे. या अडचणीतूनच घरचा संगणक कामाच्या ठिकाणाहून पाहण्याची आणि चालवण्याची सोय मी करू लागलो. त्यात माझ्या हातून एक गंभीर चूक झाली, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

घरच्या संगणकावर विंडोजची प्रो आवृत्ती आहे. रिमोट डेस्कटॉप म्हणजे दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर आणून तो चालवण्याची विंडोजमधलीच सोय. होम आवृत्तीतून दुसऱ्या संगणकात तिने जाता येते, पण होम आवृत्तीत मात्र बाहेरून त्या मार्गाने येता येत नाही. प्रोमध्ये येता येते. मी ती सोय सुरू केली, राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याचे क्रमांकाचे दार, घरच्या संगणकाकडे वळवला आणि शिरोलीतून पहिल्याच प्रयत्नात घरचा पडदा समोर आला. त्या दिवशी फार आनंद झाला. आठवड्याभराने सहज इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला, तेव्हा ४६२५ क्रमांकाच्या नोंदींची पानामागून पाने दिसली. लॉगिन फसले की विंडोज ही नोंद करते. 'ॲडमिनिस्ट्रेटर', 'टेस्ट', 'युजर' अशी नावे घेऊन कोणीतरी रात्रंदिवस आमच्या संगणकाचा पासवर्ड शोधत होते.

आमच्यावर कोणाचा विशेष डोळा होता असे नाही. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी आहेत आणि एवढे सगळे पत्ते ओळीने तपासत जाणे आजच्या यंत्रांना अजिबात जड नाही. ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला क्रमांक असल्याने तो उघडा दिसला की त्या स्वयंचलित प्रोग्रामांना पुढचे काम कळते. क्रमांक बदलून पाहावा असा सल्ला काही जण देतात, परंतु सर्व पोर्ट तपासणाऱ्यापुढे तो फारसा टिकत नाही. शिवाय पासवर्ड भक्कम असला तरी पुरत नाही, हे मे २०१९ मध्ये 'ब्लूकीप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोषाने दाखवून दिले होते: जुन्या विंडोजमधील रिमोट डेस्कटॉपच्या त्या दोषामुळे पासवर्ड न देताही आत शिरणे शक्य होते. तो इतका धोकादायक होता की मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये आधार काढून घेतलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. आमच्या संगणकात दुसऱ्यांच्या घरचे कागद आहेत. लोक ते आबांच्या हाती विश्वासाने देतात आणि मी माझ्या सोयीसाठी त्या कागदांचे दार रस्त्याकडे उघडे टाकले होते. त्याच संध्याकाळी मी तो पोर्ट बंद केला आणि सर्व पासवर्ड बदलले.

पुढे घरी फायबरची जोडणी घेतली आणि तो मार्ग आपोआपच संपला. राउटरमध्ये दिसणारा पत्ता १०० या आकड्याने सुरू होत होता, तर बाहेरच्या संकेतस्थळावर आमचा पत्ता वेगळाच दिसत होता. पत्ते अपुरे पडू लागल्यामुळे अनेक इंटरनेट कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरायला देतात. वाड्याला एकच दिंडी दरवाजा असावा आणि आत पन्नास बिऱ्हाडे राहावीत, तसे हे असते. आतला माणूस बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरून आलेल्याला कोणते बिऱ्हाड कुठे आहे हे कळत नाही. अशा वेळी राउटरमध्ये पोर्ट कितीही वळवला तरी उपयोग होत नाही.

यावर उपाय असा, की बाहेरून दार ठोठावण्याची गरजच उरू नये. घरचा संगणक आणि माझा लॅपटॉप हे दोघेही आपण होऊन बाहेरच्या एका ओळखीच्या सर्व्हरशी बोलतात, तिथून त्यांना एकमेकांचा ठावठिकाणा कळतो आणि मग त्यांच्यामध्ये कूटबद्ध बोगदा तयार होतो. राउटर बाहेर गेलेल्या संदेशाची आठवण ठेवतो आणि त्याच्या उत्तराला आत येऊ देतो, एवढ्या साध्या गोष्टीवर हे सारे चालते. थेट मार्ग जुळलाच नाही तर मधला सर्व्हर संदेश पोहोचवतो, मात्र कूटबद्ध असल्याने त्याला ते वाचता येत नाहीत. मी यासाठी टेलस्केल नावाचा प्रोग्राम वापरतो. त्याच्या मुळाशी असलेला वायरगार्ड हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी आपसात बोलण्याची ठरलेली रीत, २०२० मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, समाविष्ट झाला. त्यात प्रत्येक यंत्राची स्वतःची किल्ली असते आणि अनोळखी संदेशाला ते यंत्र उत्तरच देत नाही. तिथे कोणी ऐकत आहे याचाही बाहेरच्याला पत्ता लागत नाही. माझ्या दृष्टीने हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. रिमोट डेस्कटॉप आता फक्त या बोगद्यातून चालतो.

एवढे झाल्यावर एक निराळीच अडचण समोर आली. मी रिमोट डेस्कटॉपने आत शिरलो की घरचा पडदा कुलूपबंद होतो आणि आबांना फक्त लॉगिनची खिडकी दिसते. फाइल शोधायची असेल, स्कॅन नीट लावून ठेवायचे असेल, तर हे ठीक आहे, किंबहुना चांगलेच आहे. पण आबांना दाखवायचे असते, तेव्हा दोघांना एकच पडदा दिसला पाहिजे. त्यासाठी व्हीएनसी योग्य ठरते. १९९०च्या दशकात केंब्रिजमधील ऑलिव्हेट्टीच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेली ही पद्धत पडद्याचे चित्रच पलीकडे पाठवते आणि माउस दोघांच्याही हाती राहतो. आता मी फोनवर "आबा, माझा बाण बघा" म्हणतो, बाण हळूहळू त्या बटणापर्यंत नेतो आणि थांबतो; क्लिक त्यांनीच करायचे. मी परस्पर करून टाकले तर दुसऱ्या दिवशी तोच फोन येतो, हे अनुभवाने कळले आहे.

संगणक बंद असला तर काय करायचे, याचे उत्तर शोधण्यात सर्वाधिक वेळ गेला. नेटवर्क कार्डाला विशिष्ट संदेश मिळाला की संगणक जागा होतो, याला वेक ऑन लॅन म्हणतात. तो संदेश मोठा सुबक आहे: सुरुवातीला सहा वेळा २५५ आणि मग त्या कार्डाचा सहा बाइटचा पत्ता सोळा वेळा, मिळून १०२ बाइट. पण तो घरातल्याच नेटवर्कवरून जावा लागतो आणि झोपलेल्या संगणकात टेलस्केल चालू नसते, म्हणून घरात जागे राहणारे दुसरे यंत्र लागते. मी राउटरशेजारी एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक, ठेवला आहे. शिरोलीतून एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा टंकण्याच्या सुरक्षित मार्गाने, त्यात जातो आणि तिथून संगणकाला उठवतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, ही सोय सुरू करावी लागते, वायफायऐवजी केबल वापरलेली बरी आणि विंडोजचे फास्ट स्टार्टअप, म्हणजे लवकर सुरू होता यावे म्हणून संगणक पूर्ण बंद न करण्याची सोय, बंद करावे लागते. या शेवटच्या गोष्टीने माझे दोन रविवार घेतले. वीज जाऊन परत आल्यावर संगणकाने आपण होऊन सुरू व्हावे, हेही बायोसमध्येच ठरवता येते.

कामाच्या ठिकाणी हे सारे मी साहेबांना विचारून करतो आणि लॅपटॉप माझा, इंटरनेट माझ्या मोबाइलचे, वेळ जेवणाच्या सुट्टीची. रिमोट डेस्कटॉपमध्ये ड्राइव्ह आणि क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेला मजकूर, दोन्हीकडे वाटता येतात, तेही मी बंद ठेवले आहे. आबांनाही एक गोष्ट बजावून ठेवली आहे: फोनवर कोणी सांगितले म्हणून कोणतेही ॲप उतरवायचे नाही. पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप उतरवायला लावून खाते रिकामे करणाऱ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते, आणि मध्यंतरी बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या एकाचा तसाच फोन आमच्या घरी आला. आबांनी त्याला सांगितले, "माझा मुलगासुद्धा विचारल्याशिवाय आत येत नाही, तुमचं काय काम?" आणि फोन ठेवला.

मात्र या सोयीवर विसंबून मी आणखी एक चूक करत होतो. फाइल हव्या तेव्हा मिळतात म्हणून त्यांची प्रत दुसरीकडे ठेवण्याचे मी टाळत आलो होतो. आमच्या भागात पुराचे पाणी येते. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले, मी नदी ओलांडून घरी येऊ शकलो नाही, घरची वीज गेली आणि आबांनी शेजारच्या मुलाच्या मदतीने संगणक माडीवर नेला. त्या वेळी असा बोगदा असता तरी विजेवाचून तो काय कामाचा होता?

म्हणून आता पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे जाऊ लागली की मी ४३ फुटांची, म्हणजे धोका पातळीची, वाट पाहत नाही. जुलै २०२४ मध्ये दुपारच्या सुट्टीत लॅपटॉप उघडला, नवीन स्कॅन क्लाउडवर चढवायला लावले आणि संध्याकाळी निघण्यापूर्वी पुन्हा आत जाऊन शेवटची फाइल पोहोचल्याची खात्री केली. मग शटडाउनची आज्ञा दिली, पडदा काळा झाला, आणि आबांना फोन करून सांगितले की आता पिन काढा, मी पोहोचलो की आपण दोघे मिळून वर नेऊ.